अर्जातली ‘गृहिणी’

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा अर्ज काल रात्री वाचला, सोबतची मेलही वाचली. ‘संशोधनातील रुची’ या रकान्यात तू पाच विषय लिहिले आहेस: विकासाचं अर्थशास्त्र, श्रमबाजार, लिंगभाव, कृषी आणि सार्वजनिक धोरण. निवृत्त झाले तरी मुलं अर्ज दाखवायला येतात माझ्याकडे. निम्म्या अर्जांत हेच पाच असतात, क्रम तेवढा बदलतो. खानावळीच्या फळ्यावर आजच्या भाज्या लिहिलेल्या असाव्यात तसं. मुलाखतीत कुणी ‘यातलं नेमकं काय?’ म्हणून विचारलं की मग घाम फुटतो.

ते पाचही खोड.

आता त्याच अर्जाचं पहिलं पान काढ. वडिलांचा व्यवसाय: शेती. आईचा व्यवसाय: गृहिणी. आणि तुझ्या मेलची शेवटची ओळ अशी: ‘आई आजारी असल्यामुळे चार दिवस गावी जातेय, म्हशींच्या धारा काढायला दुसरं कुणी नाही.’ या दोन्ही ओळी तुझ्याच हातच्या आहेत. एका अर्जात आणि एका मेलमध्ये, एकाच संध्याकाळी लिहिलेल्या. त्या एकमेकींशी भांडताहेत, हे तुझ्या लक्षात आलं का?

म्हशी किती आहेत, मला माहीत नाही. पण दूध डेअरीला जात असणार. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागून पावती मिळत असणार आणि दर दहा दिवसांनी दुधाचा ‘पगार’ होत असणार. आपल्याकडे शब्दच पगार आहे बघ, नोकरदारासारखा. तो पगार कुणाच्या खात्यावर जमा होतो? डेअरीच्या कार्डावर कुणाचं नाव आहे? पहाटे साडेचारला गोठ्यात कोण असतं? ही तीन उत्तरं मला पुढच्या मेलमध्ये कळव. विषय कोणता घ्यायचा ते मग बोलू.

तुला वाटेल, मॅडम घरच्या गोष्टीत नाक खुपसतायत. माझंही असंच झालं होतं, म्हणून सांगते. कायमच्या नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पुरंदर तालुक्यात एका पाहणीसाठी आम्ही चार जण गेलो होतो, अंजिराच्या हंगामात. मी एका ओसरीवर बसून नमुना भरत होते. कुटुंबप्रमुख, वय, शिक्षण, काम. बाईंना विचारलं, तुम्ही काय काम करता? त्या म्हणाल्या, ‘मी कुठं काय करते? घरीच असते.’ मी इमानदारीने ‘घरकाम’ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. दिवसभरात तसेच बरेच कागद भरले.

संध्याकाळी माझे मार्गदर्शक कंदिलापाशी ते कागद चाळत बसले होते. म्हणाले, ‘या गावात बायका काहीच करत नाहीत, तर मग टोपल्यांत अंजीर कोण लावतं?’ तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती ओसरी आली. माझ्याशी बोलताना त्या बाईंचे हात एकदाही थांबले नव्हते. पिकलेलं इकडे, कच्चट तिकडे, मध्ये पान. मी समोर बसून ते पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं. कारण नमुन्यात रकाना ‘उत्तरा’चा होता, आणि उत्तर ‘घरीच असते’ हे होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच घरी गेलो. या वेळी प्रश्न बदलला: ‘काल उठल्यापासून काय काय केलंत, ते सांगा.’ एकेका घराला तासभर लागला. त्या बाईंच्या सासूबाई शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘आता श्वास किती घेतला तेपण लिवा.’ पण कागद भरले. माझ्या पुढच्या बावीस-तेवीस वर्षांच्या कामाचं मूळ त्या ओसरीत आहे. बायोडेटामध्ये मी त्याला ‘श्रमाचं मोजमाप’ असं भारदस्त नाव दिलं ते फार नंतर.

आता हे मोजमाप चालतं कसं, ते बघ. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाला त्याच्या कामाचा एक कोड मिळतो. स्वतःचा धंदा वा शेती स्वतः करणारा ११. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा २१. पगारी नोकरी ३१. रोजंदारी ५१. फक्त घरकाम ९२. घरकाम आणि जोडीला जळण-चारा गोळा करणं, शिवणटिपण वगैरे घरापुरतं करणं ९३. पाहणी करणारा माणूस तुझ्या घरी आला आणि तुझे वडील अंगणात बसले असतील, तर बहुतेक वेळा उत्तर तेच देतील. ते म्हणतील, ‘मालकीण घरीच असते.’ कोड पडेल ९२. तुझी आई श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांच्या मोजणीच्या, बाहेर गेली. तोच माणूस जरा खोदून विचारणारा निघाला, म्हशींचं कोण बघतं म्हणाला, तर कोड पडेल २१ आणि तुझी आई श्रमशक्तीत येईल. म्हशी त्याच, पहाट तीच, दूधही तेवढंच. पण देशाच्या आकडेवारीत एक बाई ‘कामाला लागली’. (दूध विकायला असेल, तर तो व्यवहार नियमांनुसारही आर्थिक कामातच मोडतो. त्यामुळे ९२ लिहिणं ही सरळ चूकच आहे, तिथे मतभेदाला जागा नाही. खरी गंमत पुढे आहे.)

२०१७–१८मध्ये श्रमशक्तीची नवी वार्षिक पाहणी सुरू झाली, तेव्हा पंधरा वर्षांवरील स्त्रियांमध्ये श्रमशक्तीत असलेल्यांचं प्रमाण २३.३ टक्के होतं. २०२३–२४मध्ये ते ४१.७ टक्के झालं. सहा वर्षांत एवढी उडी! खेड्यांत तर २४.६वरून ४७.६. शहरांत वाढ झाली, पण २०.४वरून २८पर्यंतच. आता पेपरात दोन प्रकारचे लेख येतात. एकात ही क्रांती असते, दुसऱ्यात बनवाबनवी. दोन्ही लेख लिहिणाऱ्यांनी गोठा पाहिला नसावा, असा मला दाट संशय आहे.

वाढ मुख्यतः स्वयंरोजगारात आहे, म्हणजे ११ आणि २१ या कोडांत, आणि त्यातही खेड्यांत. असं का झालं असेल? कोविडमध्ये शहरातली माणसं गावी परतली आणि घरच्या शेतीत हात वाढले. किंवा घरात पैसा कमी पडू लागला म्हणून बायका अधिक राबू लागल्या. किंवा पुरुष बाहेर कामाला गेले आणि शेतीची, गुरांची जबाबदारी खरोखरच बाईवर आली. अशा वेळी ती ‘मदतनीस’ राहत नाही, ती शेतकरी असते. किंवा नळाचं पाणी आणि गॅस आल्याने वेळ सुटला. किंवा पाहणी करणारे आता खोदून विचारतात, एवढंच. यातलं प्रत्येक कारण आकडेवारीत वेगळा माग सोडतं. नुसतंच खोदून विचारणं वाढलं असेल, तर २१ कोडच्या बायका वाढतील, पण त्यांच्या कामाचे तास थोडे निघतील. अडचणीमुळे वाढ असेल, तर गरीब घरांत ती आधी आणि जास्त दिसेल. पुरुष बाहेर गेल्यामुळे असेल, तर २१चे ११ होताना दिसतील. ही पाहणी आठवड्यात किती तास काम केलं तेही विचारते, आणि घराघराची मूळ आकडेवारी कुणालाही फुकट उतरवून घेता येते. हे सगळं तुला आज रात्री तुझ्या लॅपटॉपवर तपासायला सुरुवात करता येईल. माझ्या वेळी मॅग्नेटिक टेपसाठी अर्ज करून महिनोन्‌महिने वाट बघावी लागे.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते तुला परीक्षेपुरतं पाठ असेल. त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अगदी साधी आहे. अमेरिकेच्या जुन्या जनगणनांमध्ये शेतावर किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असे. त्यांनी इतर नोंदी धुंडाळून ते आकडे दुरुस्त केले. त्यातून दिसलं, की अर्थव्यवस्था वाढते तसतसा स्त्रियांचा कामातला सहभाग सरळ वाढत गेलेला नाही. आधी तो घसरला आणि मग चढला. ‘पत्नी’ या एका शब्दामुळे शंभर वर्षांचा आलेख चुकीच्या आकाराचा दिसत होता. तुझ्या अर्जात ‘गृहिणी’ आहे.

आता पुण्याबद्दल थोडं, कारण तू मेलमध्ये विचारलं आहेस की दिल्लीला किंवा परदेशात न जाता इथे राहून काही होईल का. जमलं तर जरूर जा, मी अडवणार नाही. पण इथे काय आहे ते माहीत असू दे.

पिंपळे सौदागरला तुझी मैत्रीण फ्लॅटवर राहते ना? शंभर वर्षांपूर्वी ते दख्खनमधलं एक साधं खेडं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी त्या एका खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली अहवाल छापला. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, हे त्यांनी जुन्या दप्तरांवरून लावलं: १७७१मध्ये एका खातेदाराची सरासरी जमीनधारणा सुमारे चाळीस एकर होती, १९१५च्या सुमारास ती सात एकरांवर आली. माणूस रसायनशास्त्रातला, तरी ‘या घराचं या जमिनीवर भागतं का?’ एवढा एक प्रश्न धरून त्याने अख्खं गाव मोजलं. लगेच पुढच्या वर्षी, १९१८मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवर निबंध लिहिला आणि प्रश्नच फिरवला. धारणा लहान आहे हा रोग नाही, म्हणाले. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं आणि भांडवल तोकडं, हा रोग आहे. तुकडे जोडून तो जाणार नाही, उद्योग वाढले तर जाईल. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. मानांचा अहवाल आणि हा निबंध लागोपाठ वाच. संशोधनात ‘नवीन’ म्हणजे काय, हे कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्यातून लवकर कळतं. आणि मग एका रविवारी पिंपळे सौदागरला जाऊन ये. सात एकर कुठे गेले, ते बघ.

दुसरी गोष्ट बीएमसीसी रस्त्यावरची. गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१मध्ये गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी परवडण्याइतका खर्च, म्हणजे १९६०–६१च्या किमतींना खेड्यात महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस, ही त्यांची दारिद्र्यरेषा. मग याच पुण्यात राहणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला: एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं, मग सरासरीला उंबरठा मानलंत तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतील. दोन्ही संख्याशास्त्रात मुरलेले, दोन्ही हट्टी. तो वाद वर्षानुवर्षं छापील पानांवर चालला. मला त्यात कुणाची बाजू घ्यायची नाही (म्हणजे आहे, पण पत्रात नको). सांगायचं एवढंच, की रेषा कुठे मारायची याचं भांडण किरकोळ नसतं. २१ की ९२ हेही तसलंच भांडण आहे, फक्त ते अजून कुणी इतक्या जोरात भांडलेलं नाही.

धनंजयराव गाडगीळांचं नाव त्या संस्थेच्या ग्रंथालयाला आहे. तिथे जाऊन बस. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत नाही. तिथे सगळे चालू घडामोडी पाठ करत असतात, आणि तू शेजारी बसून गेल्या दोन महिन्यांत तेच करायला लागलीस, ते मला दिसतंय.

कामाच्या सवयींबद्दल थोडक्यात. नमुना पाहणीची आकडेवारी वापरताना मल्टिप्लायर लावल्याशिवाय तक्ता काढायचा नाही. पाहणीतलं प्रत्येक घर हजारो घरांच्या वतीने बोलतं, आणि किती घरांच्या वतीने ते प्रत्येकाचं वेगळं. तो गुणक काही नोंदींसाठी शंभराने भागायचा असतो, काहींसाठी दोनशेने. सूचनापत्र वाचलं नाहीस तर फसशील. मी फसले होते. भरल्या सभागृहात मी एक तक्ता दाखवला, आणि मागच्या रांगेतून पाहणीखात्यातले एक निवृत्त गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘बाई, हा महाराष्ट्र नाही, ही तुमची यादी आहे.’ मी अजून त्यांची ऋणी आहे, पण त्या रात्री जेवले नव्हते.

आणि दुसऱ्यांचं काम पुन्हा करून बघ. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ खुंटते, असं राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये मांडलं. जगभर खर्चकपातीच्या बाजूने ते नाचवलं गेलं. २०१३मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातला गृहपाठ म्हणून ते आकडे पुन्हा काढायला घेतले आणि जमेनात. मूळ एक्सेल फाइल मिळवली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. चूक तेवढीच नव्हती, इतरही निवडी वादाच्या होत्या. दुरुस्तीनंतर नव्वद टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ऐवजी २.२ टक्के निघाली. एका विद्यार्थ्याचा गृहपाठ! तेव्हा तक्ता हाताने बनवायचा नाही, प्रत्येक पायरी आज्ञावलीत लिहून ठेवायची. सॉफ्टवेअर स्टाटा असो नाहीतर आर, मला फरक पडत नाही. गणित कच्चं आहे म्हणतेस, ते पक्कं करावं लागेल. त्याला उपाय नाही आणि माझ्याकडे सहानुभूतीही नाही.

नोकरीचं मात्र खरं सांगते, कारण बाकी कुणी सांगणार नाही. नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास होशील, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पाच वर्षांचा प्रश्न सुटेल, न मिळाली तर राज्याची सेट परीक्षा आहेच. पण पदव्या हातात घेऊन तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं याच शहरात तुला वाटेल तितकी भेटतील. तास घेतला तर मानधन, तेही कधी सहा महिन्यांनी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. मी स्वतः पहिली चार वर्षं एका महाविद्यालयात अशीच काढली. सकाळचे तास तिथे, दुपारी दुसरीकडे, मधल्या वेळेत स्वारगेटच्या थांब्यावर पेपर तपासत. त्या काळात माझं संशोधन शून्य होतं, हे मी आता कबूल करते. घरच्यांना ‘प्राध्यापक होणार’ असं सांगू नकोस. ‘पाच वर्षं एका प्रश्नावर काम करणार, नोकरीची खात्री नाही’ असं सांग. वडील रागावतील. एमपीएससीचा फॉर्म भर म्हणतील. भर. गट ‘ब’ची पूर्वपरीक्षा दिल्याने कुणाची बुद्धी बाटत नाही. फक्त प्रश्न सोडू नकोस.

संशोधन म्हटलं की महाविद्यालयच, असंही नाही. बँका, पाहणी करणाऱ्या संस्था, सरकारी खाती, सगळ्यांना आकडे वाचणारा माणूस हवा असतो, आणि त्यातला खरंच गावात जाऊन आलेला फार थोडा. पैसे भरले की आठ दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात छापून येतं, तिकडे मात्र फिरकू नकोस. तुझ्या मैत्रिणींच्या यादीत बारा शोधनिबंध दिसतील, तुझा एकही नसेल, आणि तुला वाईट वाटेल. वाटू दे. इंग्रजीत लिहावं लागेलच. पण पहिला मसुदा मराठीत लिही आणि तो गावच्या डेअरीच्या सचिवाला वाचून दाखव. त्याला खोट सापडली तर परीक्षकालाही सापडेल. आणि सचिवाला ती लवकर सापडेल.

आता गावी आहेस तर एवढं कर. तुझ्या आळीतली दूध घालणारी वीस घरं घे. दहा घरांत कर्त्या पुरुषाला विचार, ‘तुमच्या मंडळी काय काम करतात?’ उरलेल्या दहांत खुद्द बाईला कालचा दिवस विचार, पहाटेपासून. कुठली दहा कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरव. ओळखीची घरं एका बाजूला गोळा झाली तर सगळं फुकट. प्रत्येक घरी डेअरीचं कार्ड बघायला माग. वीस घरांतून काही सिद्ध होत नाही, ते मलाही कळतं. प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते तुला बघायचं आहे, आणि तुझा स्वतःचा हात लिहिताना कुठे अडखळतो ते.

तुझ्या घराचा नमुना शेवटी भर, आईला बरं वाटल्यावर. तिला बसवून विचारू नकोस, धारा काढताना विचार. ती ‘मी कुठं काय करते’ म्हणेल.

सोमवारी परत येशील तेव्हा चारनंतर ये, त्याआधी मी झोपलेली असते. वीस कागद मूळचेच आण, स्वच्छ करून लिहिलेले नकोत. खाडाखोड मला बघायची आहे. आणि अर्जाचं पहिलं पान दुरुस्त करून आण. रकान्यात काय लिहायचं ते तू ठरव. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिही.

तुझ्या
मॅडम